वांगी आणि जांभळा

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

खोटं बोलले. चक्क, तोंड वर करून.

तळेगावच्या यशोदाबाई आल्या नि मुलीच्या लग्नाचं ब्लाऊज काउंटरवर आपटलं. साडी जांभळी, ब्लाऊज वांगी! वर आरीवर्कचं भरतकाम झालेलं, लग्न चार दिवसांवर. शेठनी विचारलं, हे कुणी दिलं? म्हटलं, मी तागा बरोबर काढला होता, करिष्मानं दुसराच कापला. आमच्याकडे तसंच चालतं – रंग मी काढते, कापते ती. पण तागा मीच चुकीचा दिला होता. मीच!

पोरीला कामाला लागून जेमतेम आठ महिने. माझ्याकडे बघत राहिली, एक शब्द बोलली नाही. शेठनी तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. मी ताग्यांच्या घड्या घालत बसले.

बुधवार, १२ नोव्हेंबर

बावीस वर्षं पिंपरी कॅम्पातल्या या दुकानात साड्यांना मॅचिंग ब्लाऊजपीस देतेय. बाकीच्या मुली साडी दारात नेऊन उजेडात धरतात. मी कधी नेली नाही. बसल्या जागेवरून नुसती नजर टाकायची नि तागा ओढायचा, हा माझा तोरा. बायकाही म्हणतात, इंदुताईंनी दिलं म्हणजे बघायला नको.

आज गर्दी नव्हती तेव्हा दोन्ही तागे दारात नेले. सारखेच दिसले. डोळे चोळले, पुन्हा बघितलं. सारखेच! शेवटी चिठ्ठीवरचा नंबर वाचून ओळखायची वेळ आली. माझ्यावर!

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

करिष्माचा नंबर तीनदा काढला. लावला नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाले, रंग मळकट दिसत असणार, तुम्हाला जाणवलं नाही? नाही म्हटलं.

जाणवलं होतं. गणपतीपासून शंका होती. पण नजर गेली म्हटल्यावर माझ्याकडे राहतं काय? शिक्षण सातवी. आयुष्यात एवढी एकच गोष्ट धड येते मला.

शेठना सांगितलं, भाचीचं लग्न आहे, सुट्टी हवी. एक खोटं पचलं की दुसऱ्याला लाज वाटत नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

काल उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आज पट्टी काढली. सुनेची, मृदुलाची ओढणी समोर वाळत होती. डावा डोळा झाकला – जांभळी. उजवा झाकला – वांगी. एकच ओढणी! दहा वेळा तेच केलं. मग रडू आलं. मृदुला ओरडली, डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही सांगितलंय ना.

त्या पोरीला काय वाटलं असेल?

मंगळवार, ९ डिसेंबर

शेठना सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, आधी तिला घेऊन या, तुमचं नंतर बघू.

आता पिंपळे गुरवला निघालेय, तिच्या घरी. तिनं दारातून हाकललं तरी बोलायची सोय नाही मला.

बुधवार, १० डिसेंबर

हाकललं नाही. चहा दिला. मी हात जोडले तर घाबरून उठलीच ती. म्हणाली, "ताई, तुम्ही चुकीचा तागा टाकलात की मी कापायच्या आधी गुपचूप बदलायचे. चार महिने. दिवाळीच्या गर्दीत तेवढा एक राहिला. म्हणून तर शेठसमोर गप्प बसले – चूक माझीच होती ना."