कलम नऊ-अ आणि दादाचा पास

१ ऑक्टोबर, सकाळी ७.१०
नवीन वही. नियम: तारीख, वेळ, घडलेलं. विशेषणं नाहीत. भावना आलीच तर एका ओळीत उरकायची. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, तेव्हा खोटं लिहायचं कारण नाही.

परिस्थिती. सरकारला लोकांच्या फोनवर पाळत ठेवू देणारा कायदा ३१ तारखेला संपतो. सभागृहाने मुदत वाढवली नाही तर यंत्रणा बंद करावी लागेल. वाढवायची का आणि कोणत्या अटींवर, यावर आमची समिती अहवाल देणार. मी समितीची तांत्रिक अधिकारी. मला मत नाही. मी माहिती देते.

एक कलम मी सुचवलं आहे, नऊ-अ. दोन ओळींचं. फोनचा नंबर एकाकडून दुसऱ्याकडे गेला, तर पहिल्यावरचा संशय दुसऱ्याला चिकटू नये. ज्यांना चिकटला असेल त्यांची तपासणी नव्याने व्हावी. कलम सर्वांसाठी आहे. दादाचा संबंध नाही.

संध्याकाळी ८.००
दादाचं, केवळ नोंद पूर्ण व्हावी म्हणून. तो विमानतळावर सामान वाहून नेणारे सरकते पट्टे दुरुस्त करायचा. बारा वर्षं. गेल्या वर्षी २ नोव्हेंबरला त्याचा पास रद्द झाला. पास नाही तर गेटच्या आत पाऊल नाही. कारण सांगत नाहीत. कारण सांगायचं नाही, हे कायद्यातच आहे. फेरतपासणीचा अर्ज वर्षाच्या आत द्यायचा, म्हणजे १ नोव्हेंबरपर्यंत. आयुष्यात एकदाच देता येतो.

जेवताना त्याने विचारलं, अर्ज टाकून देऊ का आता. मी म्हटलं, थांब. आज दिलास तर जुन्याच यंत्रणेतून जाईल आणि जुनंच उत्तर येईल. संधी फुकट. नवं कलम येऊ दे, मग दे. मतदान २१ तारखेला. अकरा दिवस हातात राहतात. तो म्हणाला, तू म्हणतेस तर थांबतो, मला काय त्यातलं कळतंय. आई म्हणाली, वर्षभर थांबलाय, अजून किती थांबवशील त्याला. मी म्हटलं, वीस दिवस.

३ ऑक्टोबर
नऊ-अवरचं चौदा पानांचं टिपण एका पानावर आणलं. लिहिता-वाचता येणाऱ्या कुणालाही चार मिनिटांत कळेल. खात्री करायला ऑफिसमधल्या जुन्या शिपायांना वाचायला दिलं, घड्याळ लावून. तीन मिनिटं पन्नास सेकंद. कळलं का, विचारलं. म्हणाले, अक्षर छान आहे मॅडम. टाइप केलेलं होतं.

तरी वेळ अपेक्षेपेक्षा कमी लागला. चांगलं लक्षण.

६ ऑक्टोबर
एक गोष्ट लिहून ठेवते, म्हणजे डोक्यात फिरत राहणार नाही.

११ मार्चला समितीकडे तपासणीसाठी नमुना फाइल आली. दोनशे नोंदी, नावं काढलेली. नोंद क्र. १३७: नंबराचे शेवटचे चार आकडे, कामाचं ठिकाण विमानतळ, पट्टे विभाग. सोबत नंबराचा इतिहास. आधी तो कुणा दुसऱ्याचा होता, त्या माणसावर पाळत होती. पुढे नंबर बंद पडला, कंपनीने वर्षभराने पुन्हा विकला. विकत घेणारा दादा. मीच दुकानात गेले होते सोबत. लक्षात ठेवायला सोपा आहे म्हणून मीच निवडला होता.

मी शोधलं नाही. दिसलं. दोन्हींत फरक आहे.

दादाला सांगितलेलं नाही. शपथपत्रावर सही आहे, फाइलमधलं काही बाहेर बोलायचं नाही. नंबर बदलूनही उपयोग नाही, खूण आता माणसाला लागली आहे. शिवाय सांगून मिळालं काय असतं? चिडचिड. त्यापेक्षा दुरुस्ती थेट कायद्यातच करायची. मुळापासून.

भावना: नाही.

९ ऑक्टोबर
पान्याचे वडील वारले. पान्या म्हणजे दादाचा शिफ्टमधला जोडीदार, खिशात कायम पाना, म्हणून पान्या. दोघं बारा वर्षं एका पट्ट्याखाली पाठीवर झोपून काम करायचे. पास गेला तेव्हा दादाच्या डोक्यात बसलं की पान्यानेच साहेबाला काहीतरी सांगितलं. कँटीनमध्ये, सगळ्यांसमोर त्याला घरभेदी म्हणाला. तेव्हापासून बोलणं बंद.

पान्याच्या वडिलांनीच दादाला कामाला लावलं होतं, दादा त्यांना काका म्हणायचा. आई म्हणाली, भांडण पान्याशी आहे, म्हाताऱ्याशी नाही, चल. दादाने बूट घातले. जिन्यावर बसला. वीस मिनिटांनी बूट काढले. आई एकटी गेली. परत आल्यावर म्हणाली, पान्या दारात उभा राहून जिन्याकडे बघत होता.

पान्याचा काही दोष नाही, हे मला माहीत आहे. नियमाप्रमाणे बोलता येत नाही. २१ तारखेनंतर सगळं आपोआप उलगडेल. दोघांना एकत्र चहाला बोलवावं, असा विचार आहे.

१३ ऑक्टोबर
समितीसमोर प्रात्यक्षिक. खोटे नंबर, खोटी माणसं, पण यंत्रणा खरी. निरपराध माणूस कसा अडकतो ते दाखवलं. नंबर टाकला, चार सेकंदांत पडद्यावर त्याचे नातेवाईक, मित्र, रोजचा रस्ता, सगळं. मी म्हटलं, यातलं सगळं खरं आहे, फक्त माणूस चुकीचा आहे.

सभासद खिळून राहिले. कायद्याला विरोध असलेले डॉक्टर सभासद, ज्यांच्यावर माझी भिस्त आहे, म्हणाले, ते चार सेकंदांचं पुन्हा दाखवा. पुन्हा दाखवलं. खोकणाऱ्या सभासदांनी विचारलं, फोन न उचलणारा मुलगा कुठे आहे हे यात कळतं का. चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, कळलं तर आधी मला सांगा, नवऱ्याचं बघायचंय. हशा.

एकूण प्रश्न २३. यंत्रणा आणखी काय काय करू शकते: १९. माझं शिक्षण: १. चहा: २. चूक: १, तीही प्रोजेक्टरची.

प्रात्यक्षिक यशस्वी.

१५ ऑक्टोबर
डॉक्टर सभासदांना भेटले. म्हणाले, बाई, मी ही गोष्ट बंद करायला निघालो होतो. तुम्ही दाखवलंत तेव्हा कळलं, एवढी चांगली वस्तू बंद कशी करणार. मी म्हटलं, नऊ-अ? म्हणाले, हो हो, ते पण बघू, सुटसुटीत आहे.

सुटसुटीत हा तांत्रिकदृष्ट्या अनुकूल शेरा आहे.

संकल्प: उद्यापासून सहाला ऑफिस सोडणं. आईशी रोज दहा मिनिटं बोलणं. आज: ८.४०, शून्य मिनिटं.

२० ऑक्टोबर
मतदान २८ वर गेलं. अध्यक्ष परगावी आहेत. हातात चार दिवस.

दादा सध्या एका दुकानात वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. आज पाठ धरली म्हणून लवकर आला. म्हणाला, तिथे एकट्यानेच मशीन उलटं करावं लागतं, धरायला कुणी नसतं. मग म्हणाला, तो फॉर्म तेवढा आणून ठेवू का. मी म्हटलं, माझ्याकडे आहे. चार पानं. तीन भरून ठेवली आहेत. शेवटच्या पानावर पाच वर्षं सोबत काम केलेल्या सहकाऱ्याची सही लागते. किरकोळ. आयत्या वेळी बघू.

२७ ऑक्टोबर
मतदान ३१ ला. हातात एक दिवस. एक दिवस पुरतो.

नऊ-अ अहवालात आलं आहे. पान ८८, परिशिष्ट चार, शीर्षक: इतर सूचना. सचिव म्हणाले, परिशिष्टात येणंसुद्धा सोपं नसतं, अभिनंदन. घरी सांगितलं. आई म्हणाली, परिशिष्ट म्हणजे पानांच्या शेवटी असतं तेच ना. हो म्हटलं. ती भांडी घासायला गेली.

३१ ऑक्टोबर, सकाळी ९.००
आज. झोप साडेसहा तास. तयारी: टिपणाच्या चाळीस प्रती, सुट्या कागदावर नऊ-अ, तीन शक्य प्रश्नांची उत्तरं. रजेचा अर्जही दिला आहे, उद्याचा. दादासोबत पास ऑफिसला जायचं.

दुपारी ३.२०
गॅलरीतून पाहिलं. चर्चा दोन तास ठरली होती. कायदा आहे तसा, दोन वर्षं मुदतवाढ, एका ओळीचा ठराव. परिशिष्टं पुढच्या वेळी विचारात घेऊ. मतदान हात वर करून. डॉक्टर सभासदांनी हात वर केला. मग गॅलरीत माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे ओळख दाखवली.

वेळ: अकरा मिनिटं. माझ्या घड्याळाने.

संध्याकाळी ७.००
पुन्हा आकडेमोड. जुन्या यंत्रणेतून अर्ज मंजूर होण्याची शक्यता: फार कमी. शून्य नाही. नंबर केव्हा घेतला त्याची पावती सोबत लावली तर थोडी वाढते. पावती माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे. म्हणजे हे सगळं १ ऑक्टोबरलाही करता आलं असतं. पण तेव्हाची माहिती वेगळी होती.

तेव्हाची माहिती हीच होती. वरचं वाक्य खोडत नाही.

दादाला सांगितलं, उद्या सकाळी जाऊ. म्हणाला, झालं का तुझं कलम. मी म्हटलं, पुढच्या वेळी. मग त्याने उद्यासाठी पँटला इस्त्री केली.

१ नोव्हेंबर, सकाळी ८.३०
अडचण. पाच वर्षं सोबत काम केलेला माणूस एकच आहे. बाकीचे कंत्राटी, दर दोन वर्षांनी बदलणारे. पान्या.

दादा म्हणाला, त्याच्या दारात मी जाणार नाही. ज्याने पास घालवला त्याच्याकडे पासासाठी सही मागू? आई म्हणाली, मी जाते. दादा म्हणाला, कुणी जायचं नाही.

पास ऑफिस पाचला बंद होतं. साडेआठ तास.

सकाळी ८.५५
सांगितलं. शपथपत्राचं काय ते नंतर बघू. नंबर, मार्च, नोंद १३७, पावती. पान्याने काहीही केलेलं नाही. सलग, मुद्देसूद, दोन मिनिटांत.

दादाने एकच विचारलं. तुला कधीपासून माहीत आहे?

मार्चपासून, असं मी सांगितलं.

आई गॅस बंद करून बाहेर येऊन उभी राहिली. दादाने हातातला फॉर्म टेबलावर ठेवला. मग म्हणाला, काका ऑक्टोबरमध्ये गेले. हे त्याने मला उद्देशून म्हटलं नाही. उठून बूट घातले आणि गेला. फॉर्म टेबलावर राहिला. मी जिन्यापर्यंत धावत गेले, हाक मारली, फॉर्म, फॉर्म. त्याने वर बघितलं नाही.

दुपारी १२.१०
तो पान्याकडेच गेला असणार. फॉर्म घेऊन मीही जावं का? त्याचा फोन घरीच आहे. वाट बघते. ऑफिस रिक्षाने पंचवीस मिनिटांवर. साडेचारला निघालं तरी पोचतो.

दुपारी ४.३०
वाट बघते.

संध्याकाळी ६.४५
दादा आला. डोळे सुजलेले. आईला म्हणाला, जेवूनच आलो, त्यांनी उठू दिलं नाही. पान्याने आत नेऊन काकांचा फोटो दाखवला. मग दोघं बसले होते. मी विचारलं, सही? तो आईकडेच बघत म्हणाला, माफी मागायला गेलो होतो, सही कशी मागणार.

मी म्हटलं, त्याने दिली असती.

म्हणाला, दिली असती. म्हणूनच नाही मागितली.

२ नोव्हेंबर
रजा संपवून ऑफिसला. सचिवांनी प्रशस्तिपत्र दिलं, प्रात्यक्षिकाबद्दल. पुढच्या मुदतवाढीलाही तुम्हीच, असं म्हणाले.

शपथपत्राचा भंग कळवायचा मसुदा केला. एक पान. पाठवलेला नाही. त्यात दादाचं नाव लिहावं लागतं.

५ नोव्हेंबर
दादा पान्याच्या मेव्हण्याच्या वर्कशॉपमध्ये लागणार. दुसऱ्या शहरात. तिथे पास लागत नाही. ८ तारखेला निघेल. हे आईने सांगितलं. तो माझ्याशी बोलतो, पण ताट वाढलंय, दिवा बंद कर, एवढंच.

संकल्प: ८ तारखेला स्टेशनवर सोडायला जाणं. बोलायचे मुद्दे चार. लिहून काढले.

८ नोव्हेंबर, सकाळी ११.००
मी उठले तेव्हा दादा गेला होता. सोडायला पान्या आला होता. आई म्हणाली, तुला उठवू नको म्हणाला, फार दमली आहे ती.

त्याने नंबर बदलला आहे. नवा आईकडे आहे. मी मागितलेला नाही. स्थिरस्थावर झाला की तो स्वतःच देईल.

आईने विचारलं, लिहून देऊ का तुला. मी म्हटलं, नको, त्याला देऊ दे.

तिने काढलेलं पेन परत ठेवलं. मग म्हणाली, तुला देऊ नको, असं सांगून गेलाय.