सालीसकट लसूण

हिंगोली, कार्तिक, १९४८

प्रिय सोन्या,

तुझं पत्र पोचलं. आधी पोट धरून हसले, मग डोकं फिरलं, म्हणून हातातली कामं टाकून लिहायला बसले. गिरगावच्या हाटेलात तू ‘एक सुशीला द्या’ म्हणालास अन् मालक बाह्या सरसावून अंगावर आला, कारण त्याच्या बायकोचं नाव सुशीला! अरे येड्या, मुरमुऱ्याची सुशीला मराठवाड्याबाहेर कोण ओळखतं? खुर्शीदबीला वाचून दाखवलं तर ती पदर तोंडात कोंबून हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली बघ.

तुझ्या शेठनं तुला चिनी हाटेलात नेलं, तेबी वाचलं. मेजावर पांढरी चादर, हातात दोन काड्या, एक शेवई तोंडात अन् चार सदऱ्यावर! स्वैपाकी पडद्याआड होता, तो कोण, कुठल्या जातीधर्माचा, कढईत काय टाकतो, काही विचारलं न्हाई, पोटभर जेवलो, असं तूच लिहितोस. चांगलं केलंस. पण पान उलटलं तर त्याच शाईनं लिहिलंय, खुर्शीदबीला चुलीपुढं बसवू नको, तिच्या हातचं कुणी खाणार न्हाई, अन् ऐकणार नसशील तर रविवारी येऊन दुकान विकत मागणाऱ्या शंकरसिंगला देऊन टाकतो. वा रे वा! परमुलखातल्या चिन्याच्या हातचं चालतं, अन् जिनं तुला अंगाखांद्यावर खेळवलं तिच्या हातचं न्हाई. काहून? चिन्यानं मेजावर चादर घातली म्हणून?

रझाकारांच्या भीतीनं तू मुंबई गाठलीस, त्याला मी नावं ठेवत न्हाई. टेसनासमोरच्या आपल्या सुशीलेच्या दुकानाची फळी मीबी वर्षभर उघडली न्हाई. भाद्रपदात फौज आली, निजामाचं राज्य गेलं, लोकांनी साखर वाटली, मीबी वाटली. पण त्यानंतर खुर्शीदबीच्या गल्लीत जे झालं ते कागदावर उतरवायला हात धजत न्हाई. घर जळलं. तिचे मालक सादिकभाई मारले गेले. अंगावरच्या लुगड्यानिशी ती माझ्या दारात आली, तेव्हापासून दुकानात पिठाच्या डब्यांमागं झोपते.

आता कापसाच्या गाड्या येऊन राहिल्या. सेनगावचे, आपल्या इकडच्या गोरेगावचे गाडीवान पहाटेपासून जिनिंगपुढं रांगेत, अन् पोटात कावळे. रोज विचारतात, मंजुळाबाई, दुकान कवा उघडता? कढईवर कोण बसणार हे मी खरं खरं सांगते, मग काहीजण मान खाली घालतात. समोरचा ग्यानबा पानवाला तर तोंडावर म्हणाला, सख्खा भाऊच तिच्या हातचं खाणार न्हाई म्हणतो, मग आमी काहून खावं? त्यालाबी तू पत्र घातलंस व्हय रे? मला बोल, भांड, पण गावाच्या हाती कोलीत कशाला दिलंस? फार वाईट वाटलं मला.

अन् शेवटी काय लिहितोस, तर आईच्या हातची चव मुंबईत कुठंच न्हाई. सालीसकट ठेचलेला लसूण, फोडणीत तांबूस झालेला, तसा इथं कुणी घालत न्हाई. वाचून मी कपाळावर हात मारला. सोन्या, आईच्या गळ्यात तुळशीची माळ होती. लसूण तर सोडच, कांदा चिरलेल्या विळीलाबी ती शिवत नव्हती. एवढी वर्षं तुझ्या ध्यानात आलं न्हाई?

बाबा गेल्यावर तिनं माळ घातली. तू तवा लहान होतास. गिऱ्हाईकाला तर लसणाबिगर घास उतरत न्हाई. मागच्या दारानं भांडी घासायला येणाऱ्या खुर्शीदबीला तिनंच कढईपुढं बसवलं. पुढं आई ताटल्या भरून द्यायची, मागं फोडणी खुर्शीदबीची. शाळेत जायच्या आधी तू जी ताटली चाटूनपुसून खायचास, ती तिच्या हातची. ग्यानबा दोन-दोनदा मागून खायचा, तीबी तिच्याच हातची. कुणाचा धर्म बुडाला का? आई म्हणायची, ज्याला विचारायचं तो विचारील, मी खोटं सांगणार न्हाई. कुणी विचारलंच न्हाई बाबा. खाताना कोण विचारतं?

तर हे पत्र कशापायी, ते ऐक. रविवारी तू ये, पण शंकरसिंगला किल्ली द्यायला न्हाई. दुकान तुझ्या नावावर असंल, किल्ली माझ्या कमरेला आहे, अन् ती सुटायची न्हाई. मागच्या दाराला मी खिळे ठोकलेत. खुर्शीदबी आता पुढच्या दारानं ये-जा करील. चूल रस्त्याकडच्या ओट्यावर आणलीय, रविवारी सकाळी ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फोडणी देईल. पहिली ताटली तुझी. बाहेरच्या बाकावर बसायचं, ग्यानबाच्या दुकानाकडं तोंड करायचं अन् खायचं. काड्या मिळणार न्हाईत, पाची बोटांनी खा. तू न्हाई आलास तर मी बसेन त्या बाकावर, दुकान काही थांबत न्हाई. पण तू ये रे. तुझ्या पत्रातलं ते तिच्या हातचं न खायचं मी तिला वाचून दाखवलं न्हाई, मला जमलंच न्हाई. तू येणार एवढंच तिला ठाऊक आहे. सकाळपासून लसूण निवडत बसलीय. मी सोलायला घेतला तर हातातून काढून घेतला, म्हणाली, ऱ्हाऊ दे, सोन्याला सालीसकट लागतो.

तुझीच,
मंजुळाअक्का