फळीवर पहिली मी बसली

माय, तुह्या पणतीनं काल मले इतकं हसवलं का डोळ्यांतून पाणी आलं, अन् मंग ते पाणी काही थांबेच ना. पणती म्हणजे माह्या लहान्या पोराची पोरगी. तू तिले पाह्यलं नाही. नाक तुह्यासारखं, अन् बोलणंही तसंच. एकदा लागली का समोरच्यानं नुसती मान हलवायची. नागपूरले एका कारखान्यात आहे. तिथं काही नवीन आलं, मशीन म्हणा का कामाची पाळी म्हणा, का लोक बिथरतात. त्या लोकांच्या गळी ते हळूहळू उतरवायचं, हे तिचं काम. मी म्हटलं, बाई, याचाही पगार भेटते? इथं सासूले नवीन चूल पटवता पटवता माही जवानी गेली, कोणं चहा पाजला नाही.

वांगी चिरता चिरता ती मले तिचं शास्त्र सांगून राह्यली होती. म्हणे, सगळ्यांले एकदम सांगायले जाऊ नये. ज्याच्या शब्दावर बाकीचे चालतात असा एक माणूस हेरायचा. मंग त्याच्या घरचं, त्याच्या जवळचं कोणी पहिलं पुढं बसवायचं, अन् त्याले सांगायचं का तुले खास निवडलं. बाकीचे आपोआप मागं येतात. किती सोपं. मी हसून राह्यली होती, अन् हसता हसता मले यवतमाळची ती जीन दिसली, कापसातून सरकी काढायचा तो कारखाना.

आपण कापसाच्या ढिगाभोवती गोल बसलो आहो. कवडी, म्हणजे डाग पडलेला पिवळा कापूस, अन् पाल्याचा चुरा वेचून काढतो. लेकरं कोणाच्या मांडीवर, कोणाची कापसातच झोपलेली. एकीचा हात थकला का बाजूची तिचा वाटा आपल्याकडं ओढते. तू टोळीची मुकादमीण, अन् माहा गुडघा तुह्या गुडघ्याले लागून. माहं पहिलं लेकरू अंगावर पिते. त्या जागेवर मले कशाचंच भेव वाटत नाही.

आपला जिल्हा मध्य प्रदेशातून काढून मुंबई राज्यात घातला, त्याच्या पुढच्या दिवाळीले जीनही दुसऱ्या मालकाच्या हाती गेली. नवा मॅनेजर आला. माणूस वाईट नव्हता, चप्पल बाहेर काढून यायचा. पण त्याले गोल बसणं पसंत नव्हतं. त्यानं भिंतीले लागून लांब फळी ठोकली. बायांनी रांगेत बसायचं, भिंतीकडं तोंड, टोपली ज्याची त्याची, अन् लेकरं बाहेरच्या छपरात एका म्हातारीजोळ. एक जण म्हणाली, भिंतीकडं तोंड करून तं मास्तर बसवते, चुकलेल्या पोट्ट्याले. आम्ही काय चुकलो बापा? झालं, सगळ्या उठल्या अन् फाटकाबाहेरच्या निंबाखाली जाऊन बसल्या. मॅनेजर म्हणे, नसन जमत तं राळेगावकडून दुसऱ्या बाया आणतो. तू दिवसभर निंबाखालून कचेरीत अन् कचेरीतून निंबाखाली.

मंग दुसऱ्या दिवशी सकाळी तू माही वेणी घातली. लग्न झाल्यापासून कधी घातली नव्हती. तेल लावता लावता म्हणाली, "सायबानं तुहाच हात पसंत केला. म्हणे, इतका साफ कापूस कोणाचाच नाही. पहिली तू बस."

मी बसली. छपरातून लेकराचं रडणं ऐकू येत होतं, दुधानं पदर ओला होत होता, पण मान ताठ. दुपारपर्यंत बाकीच्याही एकेक करून आल्या. माह्याकडं कोणं पाह्यलं नाही. त्या हंगामात माह्याशी कोणी बोललंच नाही. संक्रांतीले मी हळदीकुंकवाचं बोलावणं केलं, दारात सडा-रांगोळी केली, अन् एक बाई आली नाही. आपण दोघींनीच तिळाचे लाडू खाल्ले. तू म्हणाली, जळतात त्या, तुहा हात चांगला आहे नं. मी ते धरून बसली. सुनांलेही तेच सांगत आली, एवढ्या वर्षांत.

आज सकाळी मी माह्या जुन्या मैतरिणीकडं गेली. आपल्या टोळीतली ती एकच उरली आहे. उन्हात बसून राह्यते, दात नाहीत पण जीभ आहे. तिले विचारलं का त्या वर्षी खरं काय झालतं. ती म्हणे, "तुले आता समजलं? तुही माय आदल्या सांजले निंबाखाली येऊन म्हणाली, माही स्वताची पोरगी बसवतो पहिली, लेकरवाळी. मंग तं भरोसा ठेवसान? आम्हाले वाटलं, आम्हाले फळीवर बसवायचं तुमचं मायलेकींचं ठरलेलं आहे."

मी म्हटलं, मले काहीच माहीत नव्हतं. तिनं मले उन्हातच बाजूले बसवून घेतलं. मंग म्हणे, "तसं असन तं संक्रांतीले आम्ही यायले पाह्यजे होतं, बाई."

तुही अडचण मले समजते, माय. दुसऱ्याच्या पोरीले तू बसवू शकत नव्हती, अन् कोणीच बसलं नसतं तं सगळ्यांचंच काम गेलं असतं. पण मले खरं सांगितलं असतं, का पोरी, मी अडकली आहो, तू बस, तं मी बसलीच असती. लेकरू रडलं असतं तरी बसली असती. तू मले विचारलंच नाही. मॅनेजरनं बायांले पटवावं तसं तू मले पटवलं, माह्याच केसात तेल घालून.

तिसरीपर्यंतच शिकली मी, हे लिहाले दुपार गेली. नात म्हणे, आजी, काय लिहून राह्यली, दे मी फोनवर टाकतो. मी कागद उशीखाली सरकवला. हा कोणाले दाखवायचा नाही. मंग तिनं विचारलं, आजी, तू जीनमध्ये होती म्हणे, काय करत होती तिथं?

तिले खरं सांगायले तोंड उघडलं होतं मी. अन् म्हटलं, माहा हात सगळ्यात साफ होता, म्हणून सायबानं मले पहिली बसवली.