दुसरा ठोसा

सोम., ३ फेब्रु.
बावीस वर्षांनी बॉक्सिंगच्या सरांचा फोन. हॅलो नाही, कसा आहेस नाही. "रविवारी १६ला क्लबात ये. माझे वाया गेलेले सगळे बोलावलेत. तीन फेऱ्या. तुझ्यासमोर साळुंखे." ठेवला. सर ७८चे, मार्चपासून क्लबात येणं बंद करणार म्हणे. ही म्हणाली, "अहो, तुम्ही जिना चढून आलात की सोफ्यावर आडवे होता." खरंय.

बुध., ५
आरशात आधी पोट येतं, मग मी. पण डावा हात अजून काय सुटतो! सर म्हणायचे, असा डावा त्यांनी दुसरा पाहिला नाही. आणि असं गाढवही. ठोसा नीट बसला की मी एक पाऊल मागे येऊन विचारायचो, "लागलं का?" मुद्दाम नाही, तोंडातून जायचंच. राज्य स्पर्धेच्या फायनललाही विचारलं. समोरच्याने उत्तर हातानेच दिलं. मग बॉक्सिंग सुटलं, खराडीची नोकरी.
या वेळी विचारायचं नाही. सरांच्या देखत एकदा तरी दुसरा ठोसा मारायचा. एवढंच हवंय.

शनि., ८
गच्चीत दोरीउड्या. चाळीस झाल्या, मग बसलो. खालचे काका वर आले. "आपलं काही पाडकाम चाललंय का?" म्हटलं, पोट कमी करतोय. "असं होय. म्हणजे बरेच महिने चालेल." गेले.

बुध., १२
साळुंखेचा फोन. त्याचं आता कर्वेनगरला केकचं दुकान. हा माझ्याहून चपळ होता, पण स्पर्धेच्या सकाळी वजन द्यायला जाता जाता मिसळ खायचा. दोनदा वजनात बाद. आज पहिला प्रश्न, "वजन करणार नाहीत ना रे?" दोघंही खूप हसलो. फोन ठेवल्यावर मात्र वाटलं, रिंगमध्ये पुन्हा 'लागलं का' विचारलं तर?

रवि., १६
झालं!! बोटं सुजलीत, अक्षर वाईट.
पहिली फेरी नुसत्या धापा टाकत. दुसऱ्या फेरीत डावा सुटला, गालावर बसला. माझं पाऊल सवयीने मागे गेलंच. साळुंखेने हात खाली सोडले आणि हसत म्हणाला, "नाही रे, नाही लागलं." मी विचारायच्या आतच! सर कोपऱ्यात डोळे मिटून उभे.
तोंड घट्ट मिटलं. पुढे झालो. मारला.
साळुंखे खालीच बसला. तिथूनच ओरडला, "अरे चोरा, आज बरं सुचलं तुला!" मला रडू आलं, लपवलं नाही. नंतर जेवताना त्याला दहादा तरी विचारलं, लागलं का. शेवटी त्याने जिलबी तोंडात कोंबली.
सर मात्र जेवायला थांबले नाहीत. चष्मा पुसला, रिक्षा केली, गेले. डोळे मिटल्यामुळे त्यांनी दुसरा ठोसा बघितला की नाही, कळायला मार्ग नाही. त्याचं वाईट वाटलं.

सोम., १७
अंग इतकं दुखतंय की शर्ट हिने घालून दिला.
ऑफिसला निघताना सरांचा फोन. "दुसऱ्या ठोशाला डावा सरळ झाला. उजवा अगदीच कच्चा आहे. उद्या साडेपाचला ये."
म्हटलं, "सर, तुम्ही तर मार्चपासून क्लबात येणार नाही ना? आणि मी ४४चा आहे."
"म्हणूनच उशीर करू नकोस."
पाचचा गजर लावलाय. हात वर होत नाहीये. जाऊ?