मान्सिक्कीची घंटा

लेक वर्थ, फ्लोरिडा
१२ सप्टेंबर १९७८

ती. उर्होदादास,
धाकट्या हेल्मीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. म्हणजे कागद पोचला. अर्ध्या ओळी कागदावर आहेत आणि अर्ध्या बहुतेक तुझ्या टेबलावरच राहिल्या. आर्मसनं पत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि मेहुण्याला आता शिशाच्या पेन्सिलीऐवजी खडू पाठव म्हणाला. इकडे उकाडा तसाच आहे. आर्मस रोज गळ घेऊन समुद्रावर जातो आणि रिकाम्या हातानं परत येतो. मी दुकानातून मासे आणून ठेवते, म्हणजे भांडण नको.

आता खरं ते सांगते. तुझ्या सूनबाईचं, डोरीनचं पत्र आलं. बिचारीनं काळजीपोटी लिहिलंय, तिच्यावर डाफरू नकोस. शेजारच्या ओन्नीचा कोट कुंपणावर वाळत होता, त्याला तू बराच वेळ हवापाणी विचारत उभा होतास म्हणे. वाचून मी पोट धरधरून हसले. मग हसू थांबलं, कारण नोव्हेंबर आठवला.

दादा, यंदा हरणांच्या हाक्याच्या दिवशी तू रायफल घेऊन ठिय्यावर बसणार आहेस का? मला सरळ हो की नाही ते कळव. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हे तुला ठाऊक आहे आणि मलाही. कोटाशी गप्पा मारल्यास तर कोटाला काही होत नाही. रानात तसं नसतं.

परवा स्वयंपाकघरात उभी असताना एकदम सीडरच्या दलदलीचा वास आला. इथे सीडर कुठला! पण आला खरा. आपली मान्सिक्की गाय गेल्यावर बाबांनी तिची घंटा माझ्या कमरेला बांधली होती, आठवतं? हाकाऱ्यांच्या रांगेत मी मधोमध, उजवीकडे तू, डावीकडे बाबा. हाकाऱ्यानं बंदूक न्यायची नाही आणि घंटेच्या दिशेला कुणी नळी वळवायची नाही, हा बाबांचा कायदा. मी झाडीत दिसेनाशी झाले की तू ओरडायचास, हेल्मे, आहेस का गं? आणि मी घंटा वाजवायचे. किती लहान होते मी, आणि जराही भीती वाटत नसे.

उत्तर लगेच धाड. माया आहे, ती डोळ्यांसारखी अंधुक होऊ देऊ नकोस.

तुझी,
हेल्मी


कोस्की, उत्तर मिशिगन
१ ऑक्टोबर १९७८

चि. सौ. हेल्मीस,
उर्होचे अ. उ. आशीर्वाद. आर्मसला नमस्कार.

तुझं पत्र भिंग लावून वाचलं. भिंग होतं म्हणून आणखीच झोंबलं. कानामागून आली आणि तिखट झाली, ती तू. तुझा शेंबूड पुसलाय मी. ओन्नीच्या कोटाचं म्हणशील, तर ओन्नीपेक्षा तो बरा बोलतो.

हो की नाही विचारलंस. हो. बसणार. जुन्या रेल्वेच्या भरावावर, शेवटच्या ठिय्यावर, जिथे बाबा बसायचे आणि बाबांनंतर मी. त्या जागेवरचं प्रत्येक खोड मला पाठ आहे, डोळे मिटूनही सांगेन. हाक्याचा म्होरक्या मी आहे. कायदे मीच सांगतो. पुढचा इशारा होईपर्यंत ठिय्या सोडायचा नाही. हरीण भराव ओलांडून पलीकडे उतरलं की मगच बार, हाकाऱ्यांच्या बाजूला कधीच नाही. संध्याकाळी डोकी मोजल्याशिवाय कॉफीला हात लावायचा नाही. आणि बाबांचं ते, चार पाय मोजल्याशिवाय बोट चापावर न्यायचं नाही. इतक्या वर्षांत आपल्या शिकारीच्या खोपीतून कुणी ओरखड्याशिवाय दुसरं काही घेऊन घरी गेलेला नाही. मग माझ्याच बाबतीत तुला एवढी भीती का?

खोपीची भिंत परवा झाडली. नेम चुकलेल्यांच्या सदऱ्यांची, रिवाजाप्रमाणे कापलेली मागची शेपटं अजून तशीच ठोकलेली आहेत. बाबांचं निळं आहे, ओन्नीची तर इतकी आहेत की त्याची गोधडी होईल. तुझंही एक आहे, फुलाफुलांचं. युद्धाच्या साली पोरं तिकडे होती म्हणून तू ठिय्यावर बसलीस आणि ढोलीला गोळी घातलीस. माझं एकही नाही, हे लक्षात असू दे.

तुझ्या वहिनीशिवायचा, सिल्वीशिवायचा हा पहिला नोव्हेंबर. ती असती तर आतापासून वेलदोडे कुटायला बसली असती, पावासाठी. घरभर तो वास असायचा. मला घरात बसवू नकोस, हेल्मे. घरात फार शांत असतं. रानात निदान ती शांतता आपली असते.

जास्त काय लिहू. राग आला तरी लोभ धरून ठेवावा.

उर्हो


लेक वर्थ
१४ ऑक्टोबर १९७८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शेवटच्या चार ओळी वाचल्या आणि रडले. पहिल्या चाळीस वाचून मात्र भांडायचंच आहे, म्हणून डोळे पुसून बसले.

आपल्या खोपीत काही झालं नाही. खरं आहे. नदीपलीकडच्या खोपीत झालं, ते विसरलास? आर्वी नीएमी. तपकिरी कोट, आणि नाक पुसायला खिशातून काढलेला पांढरा रुमाल. कल्लेला वाटलं, हरणाची पांढरी शेपटी, आणि त्यानं गोळी घातली. कल्लेचे डोळे घारीसारखे होते, दादा. आणि आर्वी त्याचा सख्खा मेव्हणा. त्यानंतर दर पानगळीत आर्वीच्या बायकोच्या अंगणात फोडलेल्या लाकडांची थप्पी पडलेली असायची. कल्ले दार न वाजवता निघून जायचा. मरेपर्यंत त्यानं ते केलं आणि मरेपर्यंत ती बाई खिडकीशी आली नाही. मला तुझं असलं म्हातारपण पाहायचं नाहीये.

तेव्हापासून आईनं घरातले पांढरे रुमाल नोव्हेंबरभर पेटीत टाकले. नाक पुसायचं तर लाल. आता सगळे म्हणतात लाल संध्याकाळी काळा दिसतो, भगवा घाला. म्हणून मी भडक भगव्या लोकरीच्या टोप्या विणल्यात, पार्सल निघालंय. तुझी सगळ्यात मोठी आहे, कारण तुझ्या डोक्यात हवा फार.

ठिय्यावर बसू नकोस असं मी म्हणते, रानात जाऊ नकोस असं नाही. म्होरक्या राहा, कायदे सांग, चुलीवर कॉफी ठेव. निदान एक कर. दारात उभा राहून खळ्याच्या तारेवरचे पक्षी मोज, मग तुझ्या लेकाला, वेसला मोजायला सांग. आकडा जुळला तर मी माफी मागेन आणि फ्लोरिडाची संत्री पाठवेन, पेटीभर.

तुला दुखवलं असेल तर दुखव मला उलट, पण ऐक.

नेहमीचीच हट्टी,
हेल्मी


कोस्की
१८ नोव्हेंबर १९७८

चि. सौ. हेल्मीस,
अनेक आशीर्वाद.

पक्षी मोजले नाहीत. मोजायची हिंमत झाली नाही, हे आधी लिहितो. मग काल काय झालं ते लिहितो. टोप्या मिळाल्या, सगळ्यांनी घातल्या.

सकाळी हाका सुरू झाला. हाकारे नदीकडून निघाले, आम्ही भरावावर. मी शेवटच्या ठिय्यावर, माझ्या अलीकडे वेस. बर्फ भुरभुरत होतं, उजेड राखेसारखा. हाकाऱ्यांच्या शिट्ट्या अजून लांब होत्या. इतक्यात भरावाच्या पलीकडच्या उतारावर झुडपांत काहीतरी तपकिरी हललं. मग पांढरं फडकलं, एकदा, पुन्हा एकदा. भरावापलीकडे, हाकाऱ्यांपासून दूर, म्हणजे कायद्यात बसणारं. मी रायफल खांद्याला लावली. हेल्मे, तुझ्याशी खोटं बोलणार नाही. बोट चापावर गेलं होतं.

चार पाय मोजायला लागलो. सवयीनं, दुसरं काही नाही. दोन सापडले. बाकीचे दोन शोधत राहिलो. झुडपामागे असतील म्हटलं, बर्फात बुडाले असतील म्हटलं. मन सारखं म्हणत होतं, असतील रे, मार. पण बाबा मानगूट धरून उभे असल्यासारखे, सापडल्याशिवाय नाही म्हणत होते. तेवढ्यात ते हरीण शिंकलं. तीनदा, घर हादरेल अशी शिंक. ती शिंक आपल्या घराण्यात एकाच माणसाची होती. सिल्वीची. आणि तिच्या लेकाची.

वारा बोचत होता म्हणून वेस ठिय्या सोडून उताराच्या आडोशाला गेला होता आणि पाव खात होता. डोरीननं पाव पांढऱ्या नॅपकिनात गुंडाळून दिला होता. तोच तो झटकत होता. अंगात भगवं जाकीट होतं त्याच्या, डोक्यावर तुझी टोपी. सगळ्यांना ते अर्ध्या मैलावरून दिसतं. मला वाळल्या पानासारखं दिसलं.

रायफल रिकामी केली आणि तिथेच बर्फात बसलो. हाका संपेपर्यंत बसून होतो.

संध्याकाळी डोकी मोजली. सगळी भरली. वेसच्या डोक्याशी आलो तेव्हा आकडा तोंडातून निघेना. ओन्नीनं लगेच टोमणा मारला की म्होरक्या एकही बार न काढता परत आला, म्हातारा बहुतेक तिकडे झोपला होता. मी उठलो. कात्री घेतली, सदऱ्याचं शेपूट बाहेर काढलं आणि कापलं. ओन्नी हसायला लागला, बार न काढता नेम कसा चुकला विचारायला लागला. मग मी सगळ्यांसमोर सांगितलं, जसं आता तुला लिहिलं तसंच. हसणं बंद पडलं. वेस आधी पांढरा पडला, मग माझ्यावर ओरडला, मग ठिय्या सोडल्याबद्दल स्वतःलाच शिव्या घातल्या आणि लहानपणी रडायचा तसा हुंदके देऊन रडला. मी त्याला धरून बसलो. तो जिवंत, ऊबदार होता गं. पाठीवर हात फिरवत राहिलो, बस्स.

रात्री घरी आल्यावर डोरीनला कळलं. पोरगी स्वतःलाच दोष द्यायला लागली. तिला सांगितलं की तुझी काही चूक नाही. चूक कुणाची हे मला अंथरुणावर पडल्यावर कळलं. इतकी वर्षं नोव्हेंबरात पाव लाल चौकड्याच्या रुमालातून यायचा. सिल्वी तो काढायची, धुवायची, पुन्हा ठेवायची. कधी बोलली नाही आणि मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, ती आठवण आपण सगळे ठेवतोय. ती एकटी ठेवत होती. ती गेली आणि तिच्यामागे ते रुमाल कपाटात पडून राहिले.

रायफल वेसला दिली. तू जिंकलीस. आता मी कोण, ते तूच सांग, कारण मला सुचत नाही.

उर्हो


लेक वर्थ
२३ नोव्हेंबर १९७८

ती. दादास,
हेल्मीचा वाकून नमस्कार. यावेळी खरोखर वाकून.

तुझं पत्र आर्मसला वाचून दाखवत होते, मध्येच कागद त्याच्या हाती दिला. उरलेलं त्यानं वाचलं. वेस आहे. वेस आहे. दिवसभर मी तेवढंच म्हणत होते, बटाटे सोलताना, दळण निवडावं तसं तेच तेच.

जिंकले म्हणतोस? अशा जिंकण्याला आग लागो. तू कोण, ते विचारतोस म्हणून सांगते. ज्याची पोरं चार पाय मोजतात तो. बाबांनी सांगितलेलं आंधळा व्हायच्या वेळेलाही ज्याच्या बोटांना आठवलं, तो. आणखी काय हवंय तुला, पदक?

डोरीनला लाल चौकड्याचे रुमाल कुठल्या कपाटात आहेत ते दाखव, आणि आर्वीची गोष्ट तिला तूच सांग. मनात ठेवलेला कायदा कुणाच्या कामाचा नसतो. आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख घे. नाही म्हणशील तर मी विमानानं येईन आणि तुला कान धरून नेईन. बर्फात येणं मला मुळीच झेपणार नाही, म्हणजे माझा जीव जाईल, आणि ते तुझ्या माथी बसेल.

आता माझं ऐक. हंगाम तीस तारखेपर्यंत आहे. शेवटचा हाका होईल. वाफेच्या न्हाणीच्या, सौनाच्या दारामागे खिळ्याला मान्सिक्कीची घंटा टांगलेली आहे. मी सासरी निघाले तेव्हा बाबा म्हणाले होते, ही हेल्मीची, कुणी हात लावायचा नाही. आजवर कुणी लावला नाही. ती घंटा मी तुला उसनी देते. दिली म्हणत नाही, उसनी. कमरेला बांध, हाकाऱ्यांच्या मधोमध चाल, काठी घे. दोन्ही बाजूंना माणूस ठेव. पडलास तर उठायला वेळ घे, तुला कुणी घाई करणार नाही.

आणि वाजवताना मनगट सैल ठेव. तुला कधीच जमत नसे.

माया होती, आहे, आणि या पत्राबरोबर थोडी जास्तच येते आहे.

हेल्मी


कोस्की
१ डिसेंबर १९७८

चि. सौ. हेल्मीस,
दादाचे आशीर्वाद, पोटभर.

हे पत्र डोरीन लिहिते आहे, मी सांगतो आहे. त्यामुळे ओळी सरळ आहेत. खाली सही माझी आहे, ती तिरकी असेल. मार्केट शहरातल्या डॉक्टरनं जानेवारीची तारीख दिली. कान धरायला येऊ नकोस.

कायदे मी या वेळी खोपीत सगळ्यांना उभं करून पुन्हा सांगितले, नव्या माणसासारखे. डोरीनलाही बोलावलं होतं. ओन्नीनं एका शब्दानंही थट्टा केली नाही, याचाच मला जास्त धसका बसला. पावाची पुरचुंडी लाल चौकड्याची होती. डोरीननं पाव भाजला तो जरा जळका होता, (हे ती लिहिणार नव्हती, मी लिहायला लावलं), पण वेलदोड्याचा वास अगदी घरचा होता. खोपीत दोघांनी पुरचुंडी नाकाशी नेली, म्हणजे त्यांनाही सिल्वी आठवली असणार.

शेवटच्या ठिय्यावर ओन्नी बसला. माझ्या जागेकडे एकदा पाहिलं आणि नदीकडे वळलो. घंटेचा लोलक गंजलेला आहे, आवाज पूर्वीपेक्षा घोगरा येतो. मनगट सैल ठेवलं. वेसनं त्या दिवशी रायफल घेतली नाही. तो हाकाऱ्यांत आला आणि माझ्या उजव्या हाताला चालला. मी बोलावलं नव्हतं, त्याचा तो आला.

सीडरच्या दलदलीत मला फारसं दिसत नव्हतं. हिरवा काळोख आणि पायाखाली बर्फ, तेवढंच. पण वास तोच, हेल्मे, तू म्हणालीस तो. एका ठिकाणी झाडी दाट झाली आणि वेस दिसेनासा झाला. मी थांबलो. शिट्ट्या पुढे गेल्यासारख्या वाटल्या. खरं सांगतो, जीव जरा घाबरला.

तेवढ्यात उजवीकडून हाक आली, बाबा, आहेस का?

मी घंटा वाजवली.

कळावे. उसनं घेतलंय, परत करायची घाई करणार नाही.

तुझा दादा,
उर्हो