कच्च्या लाकडावर अनवाणी

३ जुलै

आले एकदाची पिरिआपोलिसला. बसमधून उतरणारी मी एकटीच. लाकडी जमीन घासायचं मशीन खाली उतरवताना ड्रायव्हरची कंबर वाकली. बाई, यात नवरा भरून आणलात की काय, असं त्यानं विचारलं. म्हटलं, नवरा असता तर एवढे कष्ट पडले नसते, तो आपल्या पायांनीच पळाला असता. दोघंही खूप हसलो.

जुलै म्हणजे इथला ऐन हिवाळा, गाव किती शांत! हॉटेलांच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. किनाऱ्यावर कुणी नाही, समुद्र एकटाच काम करतोय. ज्या घराची जमीन घासायला आले ते टेकडीच्या उतारावर आहे. पांढरं, उंच छताचं, आणि दिवाणखाना केवढा लांब! जमीन लापाचोच्या लाल लाकडाची. बोटभर जाडीचे आखूड तुकडे माशाच्या काट्यासारखे बसवलेत. ज्यानं बसवले त्याच्या हातावर मी एक चुंबन ठेवलं असतं.

वाण्याच्या दुकानात गेले, तिथे दुकानाचे मालक डोन अनिसेतो भेटले. म्हणाले, हिवाळ्यात इथे दोनच जातीची माणसं येतात, डॉक्टरनं पाठवलेली आणि बायकोनं हाकललेली; तुम्ही कुठल्या? मी म्हटलं, तिसऱ्या, गुडघ्यांवर चालणारी. त्यांनी मी घेतलेल्या यर्बाच्या पुड्यावर एक गोड पाव फुकट ठेवला. संध्याकाळी त्या यर्बाच्या पत्तीचा कडू चहा, माते, स्वतःसाठी करून प्यायले. बरं वाटतंय. खरंच बरं वाटतंय.

५ जुलै

जाड काचकागदाचा पहिला हात झाला. जुन्या जमिनी मला पुस्तकासारख्या वाचता येतात. इथे खुर्ची ओढली, इथे टाचा नाचल्या, इथे शेगडीतला निखारा पडला. या जमिनीवर तसं काहीच नव्हतं. होत्या त्या फिकट, किंचित उंचावलेल्या रेघा. काही आखूड, काही वीतभर. खिडकीपाशी तर दातांच्या चाव्यासारखं अर्धवर्तुळ. म्हटलं, कुत्र्याचं पिल्लू असेल. दुपारपर्यंत सगळं घासून साफ केलं. पिशवीत भुसा साठला, लालसर, फार मऊ.

घराच्या मालकीण, सेन्योरा ऑर्फिला, फोनवर म्हणाल्या की जमीन हातानं आणि पायानं तपासायची, मोजे घालून नाही. कच्च्या लाकडावर अनवाणी चालायचं नाही, हा बाबांनी मला दिलेला पहिला धडा. घामाचा डाग लाकडात उतरतो आणि पॉलिशखाली जन्मभर दिसत राहतो. ते मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, अगं, घर माझं, डागही माझाच ना?

८ जुलै

दोन दिवस अनवाणी फिरतेय आणि एकही डाग नाही. पाऊल उमटतं, आणि बघता बघता लाकूड ते पिऊन टाकतं. असं लाकूड मी पाहिलं नव्हतं.

आणखी एक नवल. माझ्या टाचांच्या भेगा बुजल्या! किती वर्षं मलमं चोळली. आता टाचा मुलीच्या टाचांसारख्या झाल्यात. बहिणीला, निबियाला, फोन करून सांगितलं, तर म्हणाली, मग आम्हीही येतो तुझी जमीन पुसायला, तिकीट पाठव.

थंडी वाढली की पोटावरचा सिझेरियनचा व्रण ओढतो. ओढू दे. सेलेस्तेनं, माझ्या लेकीनं, माझ्याकडे तेवढंच ठेवलंय. ती इस्पितळात काचेच्या पेटीत होती. मला उठून तिथवर चालत जाता येईपर्यंत ती राहिली नाही. तिचा फोटो नाही, मी तिला हात लावलेला नाही. नाव मात्र नोंदवलं. तिचा बाप नदीपलीकडे निघून गेला. बाबा वारले. आता सेलेस्ते होती हे निबियाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि या व्रणाला.

११ जुलै

आज सेन्योरा ऑर्फिला आल्या. दारातच नमद्याचे, जाड लोकरी कापडाचे, तुकडे बुटांखाली घेतले आणि माझ्या आजीच्या पिढीतल्या बायका पॉलिश जपायला सरकायच्या तशा सरकत आल्या. हातांत हातमोजे. मला अनवाणी चालायला लावतात आणि स्वतः नखही टेकवत नाहीत. मी हसून तसं म्हटलं, तर म्हणाल्या, माझं वय झालं गं, माझ्याकडे आता द्यायला काय उरलंय?

त्यांच्यासमोर ओलं फडकं फिरवलं. पाणी लागलं की लाकडाचे तंतू उभे राहतात, मग ते पुन्हा बारीक कागदानं बसवायचे. रोजचंच काम. पण आज ते अंगावरच्या लवेसारखे दिसले. आणि फडकं जायच्या आधीच उभे राहिले.

१५ जुलै

मनगटावरचा भाजल्याचा डाग गेला. लहानपणी निबियाच्या हातून किटलीतलं पाणी सांडलं होतं. तेव्हापासून दर नाताळला वाइनचा दुसरा पेला झाला की ती रडते आणि माझी माफी मागते. आम्ही सगळे त्याचीच वाट बघत बसायचो. फोनवर तिला म्हटलं, चल, सुटलीस, डाग गेला. ती म्हणाली, कसला डाग? मला वाटलं, थट्टा करतेय. नव्हती करत. किटली तिला आठवतच नव्हती.

१६ जुलै

दारापाशी तिसऱ्या ओळीत एक तुकडा आहे. काल तो कोरा होता. आज त्यावर माझ्या मनगटावरचा डाग आहे. तोच आकार, तीच शेपटी.

मोजे घातलेत. दोन जोड, एकावर एक.

१८ जुलै

डोन अनिसेतोंकडे गेले होते. तसं काही हवं नव्हतं, कुणाशी तरी बोलायचं होतं. त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. हिवाळ्यात इथे दोनच जातीची माणसं येतात, म्हणाले, आणि पुढचं सगळं तसंच. मी म्हटलं, डोन अनिसेतो, मी नेल्बा. ते अदबीनं म्हणाले, भेटून आनंद झाला, बाई.

रस्त्यात उभी राहून हात पाहिले. तळव्यांवर एकही रेघ नव्हती.

२१ जुलै

निघून जायचं ठरवलं होतं. पण अर्धवट जमीन मागे टाकून बाबा कधी गेले नाहीत. म्हटलं, एवढा शेवटचा हात. गालफड टेकवून, खिडकीच्या उजेडाकडे आडवं बघितल्याशिवाय उंचसखल कळत नाही. स्वेटर, मोजे, हातमोजे सगळं होतं. उन्हाचा तुकडा पडला होता. लाकूड कोमट होतं. किती दिवसांनी मला कशानं तरी ऊब दिली होती! डोळा लागला.

उठले तेव्हा स्वेटर वर सरकला होता. पोट लाकडाला लागलेलं.

पोट गुळगुळीत आहे. पोटावर काही नाही.

२१ जुलै, नंतर

निबियाला फोन केला. कोण सेलेस्ते, असं विचारलं तिनं. मी सांगितलं. ती हळू आवाजात, आजाऱ्याशी बोलतात तशी, म्हणाली, नेल्बा, तुला मूल कधी झालं गं? मी बस पकडून येऊ का? तू जेवतेस ना नीट?

२२ जुलै

व्रण सापडला. खिडकीपाशी. चार तुकड्यांवरून आडवा गेलाय. फिकट, किंचित उंचावलेला. टाके घातले होते तिथे बारीक ठिपके.

हात लावला नाही. शेजारी बसून राहिले.

तेव्हा ध्यानात आलं. त्या सगळ्या रेघा. तो दातांचा चावा. ते कुणाकुणाचे व्रण – त्या रेघा मी घासून टाकल्या. शीळ घालत घासल्या. त्यांचं जे कोणी होतं ते आता कुणालाच आठवत –

देवा, क्षमा कर.

२३ जुलै

सेन्योरा आल्या. व्रणापाशी थांबल्या. फार सुरेख उतरलाय, म्हणाल्या, या घराला तान्हं मूल कधी मिळालं नव्हतं. सकाळी व्हार्निशवाले येतील, आधी बारीक कागदाचा एक हात मारतील. मी म्हटलं, मारू देणार नाही. त्यांनी माझा गाल थोपटला, हातमोज्यानंच. म्हणाल्या, मुली, तोवर तूच विसरशील.

बाप कसा दिसायचा तिचा? इस्पितळाच्या भिंती – हिरव्या? मला –

सेलेस्ते. सेलेस्ते. सेलेस्ते.

२३ जुलै, रात्री

पटाशी आणलीय. हे तुकडे आहेत, उचकटून निघतात. चार आहेत. चारही घेऊन जाईन. कुशीत घेऊन बसमध्ये बसेन.

पहिला निघाला. खाली डांबर, जुनं, मऊ. दुसरा.

पोटावर व्रणाची जुनी ओढ परत आली. दुखतंय! दुखतंय!

तिसरा निघाला आणि फोन वाजला. निबिया ओक्साबोक्शी रडत होती. असं कसं झालं गं माझं, सेलेस्तेला कशी विसरले, मी तर तिची लोकरीची टोपी विणली होती. पिवळी. हो. पिवळी होती.

आता एकच राहिला. घट्ट आहे.

हलत नाही. पटाशी लावली की वर येतो आणि पुन्हा आत – कोणीतरी खालून –

फटीत बोटं घातली

डाव्या हातानं लिहितेय. उजवा आत आहे. खाली डांबर नाही. खाली ऊब आहे आणि माझं बोट कशानं तरी धरलंय. सगळ्या मुठीनं, बाळं धरतात तसं. मूठ एवढीशी आहे. नखं आहेत.

ओढलं तर सुटेल. अजून सुटेल, फार जोर नाही.

मनगटापर्यंत गेलाय.

उजाडलं. बाहेर गाडी थांबली. माणसं बोलताहेत. मशीन उतरवताहेत. त्यांना सांगायला हवं, की अनवाणी – की मोजे –

कोपर. बोटं कळत नाहीत आता. पकड कळते. ती सोडत नाही. मला कुणी इतकं घट्ट कधी

ओढणार नाही मी. तिला वाटेल की आई पुन्हा