चढाई सोडलेल्या नातवास

प्रिय ऋषी,

सांगलीत कृष्णेच्या घाटावर बसून लिहितोय. अक्षर हललेलं दिसेल, पण तो वयाचा दोष नाही. पॅड मांडीवर आहे आणि मांडी काही केल्या स्वस्थ राहत नाही. पहिला कागद घरी लिहिला आणि फाडला. दुसरा एसटीत लिहायला घेतला, तो माधवनगरच्या अलीकडे रस्त्यानंच खोडून टाकला. घरी सांगितलंय, चष्म्याचा नंबर तपासून येतो. चष्म्याला काही झालेलं नाही.

येत्या रविवारी मुंबईत तुझं गाणं ऐकायला जर्मनीची माणसं येणार आणि पसंत पडलास तर तुला तिकडे ऑपेरा शिकायला नेणार, हे तू फोनवर सांगितलंस. तुझी आई एवढंच म्हणाली, "जेवलास का रं?" तुझा बाप उठून गोठ्यात गेला. म्हशीला वैरण घातलेली होती, तरी पुन्हा घातली.

आपल्या गावात, कुंडलात, आता मला रस्त्यानं धड चालता येत नाही. परवा मैदानाजवळ हरिबानं गाठलंच. "आवं गुर्जी, पोरगं टीव्हीवर कबड्डीत चढाया करत हुतं, लय ब्येस चाललं हुतं. आता कुठं दिसणार?" म्हटलं, स्टेजवर. "म्हंजी तमाशात?" मी समजावलं की बाबा, हे आपल्या संगीत नाटकासारखंच, फक्त माईक नाही आणि मध्ये बोलणंही नाही, पाणी मागायचं तरी गाऊन मागायचं. हरिबा विचारात पडला. म्हणाला, "मग तहानेनं मरत आसंल की माणूस." मी हसलो खरा, पण घरी आल्यावर ते हसू माझं मलाच आवडलं नाही.

दिवाळीत तू गच्चीवर चढून ऑपेरातलं गाणं गायलास, आठवतं? पलीकडची शालूबाई हातातलं लाटणं तसंच घेऊन धावत आली होती, "आवं, कुणाला पान लागलं का काय?" म्हणत; तिला वाटलं, साप चावला म्हणून कुणी ओरडतंय. सगळे हसले, तूही हसलास. मी मात्र जिन्यात कठडा धरून उभा होतो. एक शब्द कळत नव्हता. तरी जन्मभर वर्गात कविता चालीवर म्हणून घेतलेला मी माणूस, मला एवढं समजलं की या गाण्यातला माणूस कुणाला तरी लांबून हाक मारतोय आणि तिकडून ओ येत नाहीये. ते गाणं मला आवडलं का? खरं सांगू, अजून माहीत नाही. पण त्या दिवसापासून ते मला बसू देत नाही. दाढी करताना, फुलं तोडताना मध्येच ती हाक येते आणि मी उगाच दारापर्यंत जाऊन येतो.

लहानपणी तू माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसायचास. कविता सुरू झाली की पोरं कडव्याच्या मध्ये श्वास घ्यायची, तू घ्यायचा नाहीस. चेहरा लाल, मानेच्या शिरा टरारलेल्या, पण कडवं संपेपर्यंत आवाज तुटायचा नाही. मी डोळे मिटून ऐकायचो. खिडकीबाहेर ऊस हलत असायचा आणि वाटायचं, ही कविता याच पोरासाठी लिहिली असणार. तुझ्या बापानं, सयाजीनं, मात्र तोच दम मैदानावर नेला. त्याला तरी कसा दोष देऊ? पहाटे तो सायकलवर आणि तू पुढं पळतोयस, असं तुम्ही किती हिवाळे काढलेत. पुढं तुमच्या संघानं चढाईचा दम वाढवायला वसईच्या त्या गाणं शिकवणाऱ्या फिलोमिनाबाईंना बोलावलं. त्यांनी तुझं "कबड्डी कबड्डी" ऐकून "जरा गा बघू" म्हटलं आणि सगळंच वेगळं झालं. सयाजी अजून म्हणतो, "दम वाढवायला आणली बाई, पोरगंच घिऊन गेली."

ऋषी, तो रागावलेला नाही. घाबरलाय. स्टँडवरचा तुझ्या अभिनंदनाचा फलक उन्हानं फिकटलाय, तर जाता-येता त्यावरची धूळ रुमालानं पुसतो. एकदा माझ्याशी भांडला, "गाणं म्हातारपणीबी म्हणता येतं, आबा. चढाई येती का?" गळ्यालाही वय असतं, हे माझ्या स्वतःच्या गळ्यावरून मी सांगायला हवं होतं. आता वर्गातली एक ओळ म्हणायला गेलो तर अर्ध्यात खोकला येतो. आणि आतल्या गोष्टी सांगायच्याच तर हेही लिहितो, की जर्मनी मलाही फार लांब वाटते. तू परत आलास तर मला वाईट वाटेल, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल.

आता ज्यासाठी चष्म्याचं निमित्त काढलं, ते लिहितो. आपला भाग फौजेतल्या माणसांचा. पूर्वी साहेब रजा देईना, की घरून तार जायची, "मदर सीरियस, कम सून." सयाजी फौजेत असताना तुझी आजी राहीबाई अशीच कितीदा सीरियस झाली, आणि प्रत्येक वेळी चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. जत्रा आली की हमखास सीरियस. साहेबालाही ठाऊक असायचं, तोही हसून सही करायचा. काल तुझा बाप माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, "आबा, शनिवारी ऋषीला फोन करतो. तुमी सीरियस हाय म्हणून सांगतो. एकदा घरी आला की रविवार टळला, मग त्याचे जुने कोच येऊन त्याला संघात परत घेत्याल. तुमी फकस्त दोन दिवस आडवं पडून ऱ्हावा." मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. मोबाईलवर सांगावं तर मला कमी ऐकू येतं, मी ओरडून बोलतो आणि सगळी आळी ऐकते. गावचा पोस्टमन सयाजीचा दोस्त. म्हणून इथवर आलो. आज मंगळवार आहे, स्पीड पोस्टानं हे पत्र तुला शुक्रवारच्या आत मिळेल. शनिवारी फोन वाजला की उचल. बापाचं सगळं ऐकून घे, भांडू नकोस. त्याला खोटं बोलता येत नाही, आवाज कापेल त्याचा. पण येऊ नकोस. मी ठणठणीत आहे, आत्ताच घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालून आलो. पुढं कधीतरी असाच फोन येईल आणि तो खरा असेल. तेव्हाही आधी हातातलं गाणं पुरं कर आणि मग नीघ. तोवर मी थांबेन, थांबता आलं तर.

तुझाच, रविवारी मुळीच आडवा न पडणारा,
आबा